गारव्याचा पाट

सोसायटीच्या भिंतीवर मी गावाचा नकाशा चिकटवला.
निळी रेघ म्हणजे गारवा:
बर्फाच्या कारखान्यातून निघून लिलावाच्या ओट्याखालून
आरोग्य केंद्रातल्या लसींपर्यंत,
तिथून शाळेकडे, जिथे एप्रिलात पत्रा तापला की
दुसरीतली पोरं वहीनं वारा घेत
बे चा पाढा म्हणतात.
लाल रेघ म्हणजे परत येणारी ऊब.
ती कुठे न्यायची, मला सुचलं नव्हतं.
कोपऱ्यात लिहिलं: वाया.

जांभा फोडायला मीटरला किती, मुश्ताक सोलकरांनी विचारलं.
मी आकडा सांगितला.
बराच वेळ पंखाच तेवढा बोलत राहिला.
मग, माझ्या माडाच्या आळ्यातून नळी नको.
मग, मसणवटीच्या कडेनं नको.
मग, बिल कोणाच्या नावावर?

गजानन भाट्येकर काठी टेकत उठले.
"बाय, हा पाटच की गो.
डोंगरातला झरा पोफळीत आणला तेव्हाही हीच भांडणं.
भोकाची वाटी पाण्यावर सोडायची,
ती बुडाली की पाणी शेजाऱ्याकडे वळवायचं.
वाटीचं भोक कोणी मेणानं बुजवलं म्हणून
एकदा कोयतीसुद्धा निघाली.
पण पोफळी जगल्या."

लोक हसले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून द्वारका चोगले:
"आणि ते तुझं वाया?
कारखान्याची मागली भिंत कधी बघितलीस?"

बैठक मोडल्यावर बॅटरी घेऊन गेले.
भिंतीला ओळीनं खिळे, खिळ्यांना काथ्या,
काथ्यांवर बोंबील.
खाली जुन्या जाळ्यावर जवळा पसरलेला,
त्याच्याकडे बघत तीन मांजरं, अगदी शहाण्यासारखी.
एका टोकाला कुणाच्या तरी बाळाची दुपटी.
यंत्राचा पंखा गरम वारा फेकत होता,
माझ्या तापमापकावर बेचाळीस.
मळभ धरलं की सात जणी इथं येतात म्हणे, पाळीपाळीनं.
कोणी आखून दिलं नव्हतं.

घरी येऊन खोडरबर घेतला.
'वाया' जाताना कागद पातळ झाला,
दिव्यासमोर धरला तर तिथून उजेड येतो.
सहा नावं लिहिली. सातवीचं
विचारायचं राहिलं.
लाल रेघ आता त्या खिळ्यांवरून जाते,
पुढे कुठे, ते अजून नाही.

इतिवृत्तात लिहिलं:
विषय चौथा, पुढल्या बैठकीत.

जांभ्याचा आकडा तोच आहे.