एन. ए.

मेहेर सिग्नलच्या अलीकडे, कलेक्टर कचेरीच्या भिंतीला
माझं टेबल एकवीस वर्षं टेकून आहे.
एक पाय आखूड,
त्याखाली कुणाच्या तरी सातबाऱ्याची घडी.
मी फॉर्म भरून देते. वीस रुपये पान.
लोक म्हणतात, ताई, तुमचं अक्षर अगदी सरकारी.

एन. ए. मी आधी जमिनीतून शिकले.
मखमलाबादचे रंगनाथ पिंगळे आले,
पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला :
'झाली एकदाची एन. ए.!'
जशी काही पोरगी बी. ए. झाली.
तीन एकर द्राक्षं होती.
मांडवाच्या तारा गुंडाळून भंगारात घातल्या, म्हणाले,
किलोवर.
मी पेढा खाल्ला. गोड होता.

मग बँकेचे फॉर्म आले, पासपोर्टचे, शाळांचे.
रकाना लागू नसला तरी मोकळा सोडायचा नाही,
एन. ए. लिहायचं, असं खिडकीतल्या साहेबांनी बजावलं.
मोकळी जागा दिसली की कुणीही काहीही लिहून जातं.
हे मला पटलं.

शेवंता गांगुर्डेच्या फॉर्मवर
नवऱ्याचं नाव : एन. ए.
ती वाकून बघत होती. 'हे काय?'
'बिगरशेती.'
तोंडातून निसटलंच, जिभेला वळण जमिनीचं.
ती इतकी हसली की टेबलाखालची घडी सरकली.
'बराबर लिवलं बाई,
काय उगवलंच नाही त्याच्यात.'

घरी केतकी दहावीला.
तिच्या तक्त्यात हीच दोन अक्षरं, फक्त दुसरं बारकं.
'सोडियम, मावशी. मिठात असतो.
नुसता काढून पाण्यात टाकला
तर पेट घेतो.'
त्या रात्री पोळ्या लाटता लाटता
मी भरलेले सगळे रकाने आठवत राहिले,
कुठे कुठे ठेवून आले ते,
आणि कुणाकुणाचे डोळे ओले होते.

काल चारच्या सुमाराला एक मुलगी आली.
अठरा पूर्ण, बालगृहाचं पत्र,
हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक फोटो, तिचाच.
वडिलांचं नाव. आईचं नाव. जन्मगाव.
मी तीनदा लिहिलं, टिंबं द्यायची राहिली.
ती बोट ठेवून वाचत होती, इंग्रजी जोडून जोडून :
'ना. ना. ना.'
मग थांबली.
'ताई, हे नको म्हणतानाचं ना,
की आपण बोलताना शेवटी लावतो, ते?'

सीबीएसवरून त्र्यंबकची गाडी निघाली होती,
कंडक्टर ओरडत होता.
मी पेनाला टोपण लावलं, ते लागेना.
खिडकी बंद झाली, म्हटलं, उद्या अकराला ये.
पैसे राहू दे.

ती सिग्नलपर्यंत गेली, परत वळली.

'तुम्ही असाल ना?'