दोन किलो आठशे

कळवणच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर बोट ठेवलं :
अंदाजे वजन दोन किलो आठशे,
कमी-जास्त तीनशे ग्रॅम.

तीनशे!
सातपूरच्या एमआयडीसीत अकरा वर्षं
मी केसाच्या जाडीवरून माल परत पाठवतोय.
काही बोलणार, तोच सारिकानं
टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

पहिली खेप माहेरची. ती तिकडे, आईच्या हाताखाली.
तिला सगळे पहिलटकरीण म्हणतात.
मला काय म्हणायचं, त्याला शब्द नाही.
मी इकडे अशोकनगरात, दुसऱ्या मजल्यावर,
एका पाळण्यासोबत.

पाळणा जुन्या नाशकातला, बोहोरपट्टीच्या पुढच्या बोळातला.
विकणारा म्हणाला, सात पोरं झोपलीत यात.
मी विचारलं, गजांमधलं अंतर किती?
तो माझ्याकडे बघत राहिला.
घरी आणून व्हर्निअर लावला :
अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, एकसष्ट, अठ्ठावन्न.
त्या एकसष्टनं माझी रात्र खाल्ली.

स्लॅबच्या कडीला आधी मीच लोंबकळलो,
दोन्ही हातांनी, गुडघे दुमडून,
अडुसष्ट किलो, मनात साठपर्यंत आकडे.
दार उघडंच होतं. खालचे खैरनारकाका वर आले,
बघितलं,
स्टूल माझ्या पायांखाली सरकवलं
आणि काही न विचारता निघून गेले.
पुन्हा आले ते ग्रीसची डबी घेऊन.
"करकरणार ती," म्हणाले. "आमची करकरायची."

दुपटी आईनं निफाडहून पाठवली,
बाबांच्या धोतरांची,
धुऊन धुऊन इतकी मऊ
की हातात काही आहे हे कळत नाही.
बाबांनी मला कधी उचलून घेतल्याचं आठवत नाही.
आईला फोनवर विचारलं तर म्हणाली,
घ्यायचे की. तू झोपलास की घ्यायचे.
मग ती रिठ्यांचं काहीतरी सांगत राहिली.

दुसऱ्या पाळीला, चहानंतर,
एक गिअर ब्लँक काट्यावर ठेवला.
आत बारीकशी पोकळी निघालेली, म्हणून अंगावर लाल पट्टा.
दोन किलो सातशे नव्वद.
इकडेतिकडे पाहिलं, उचलला,
डाव्या कोपराच्या बेचक्यात धरला.
"मान धर," मागून दगू पगार म्हणाला.
"आधी मान."
लोखंडाला मान कुठली?
तरी मी तळहात खाली सरकवला.
दगूचा हात माझ्या हाताखाली आला, कूलंटनं ओला,
दोन पोरी वाढवलेला हात.
"असा," म्हणाला, आणि लेथकडे वळला.

गेटपासवर कारण लिहिलं : चाचणीसाठी.

रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात.
रिकामा नाहीच हा.
कडी करकरते का ते बघायचंय,
म्हणून धोतराच्या दुपट्यात गुंडाळून
आत ठेवलाय त्याला, लाल पट्टा खालच्या बाजूला.
करकरतेय. थोडी. डावीकडे जाताना.

हात लिंबानं घासले, बेसनानं घासले,
नखांच्या कडेला तेल आहेच.
साडेबाराला सारिकाचा फोन, तिलाही झोप नाही.
वास जात नाही गं, म्हणालो.
"नको ना जाऊ दे. बाप म्हणजे असाच वास, असं समजेल ते."
तिनं जांभई दिली. कूस बदलली असावी,
कारण मध्येच श्वास मोठा झाला आणि मग लांबला.
रस्त्यावरून रात्रपाळीची बस गेली.

"मागे कसला आवाज येतोय रे?"

काही नाही, म्हणालो.
हळू बोल.