पिशवी नको

मोबाइलमध्ये सामान मागवताना शेवटी एक चौकोन येतो :
'प्लास्टिकची पिशवी नको.'
मी त्यावर बोट टेकवलं
आणि दिवसभर घरातल्या घरात जरा ताठ चालले.

मे महिना, देवपूर, दुपारचे चार.
या वेळी कुत्रंसुद्धा उभ्या गाडीखालून निघत नाही.
भटू आला तीन जिने चढून,
डोक्यावर निळं क्रेट, मानेवर ओला रुमाल.
"थैली नही लयनू, मावशी.
तुम्हीच नको म्हनेल शे.
आन् क्रेट माले परत लागस."

मी आत पळाले. परात सापडली,
कुकरचा डबा सापडला, ते भरले.
मग गाऊनवरची ओढणीच पुढे धरली.
त्यात त्याने भरताचं वांगं ठेवलं, मिरच्या, सहा लिंबं,
एकेक, वाकून,
आणि मध्येच आम्ही दोघंही उगाच गप्प झालो.
अकरा वर्षांत माझी ओटी कुणी भरली नव्हती.

तशी उडदाची डाळ प्लास्टिकातच होती,
साबण प्लास्टिकात,
बिस्किटं तर प्लास्टिकातल्या प्लास्टिकात.
वांगं, मिरच्या, लिंबं तेवढी उघडी.
माझ्या चौकोनाची कमाई इतकीच.

दार लोटताना ओढणीचं टोक सुटलं.
टप्प. थोडं थांबून, टप्प.
भटूच्या अजून नऊ ऑर्डरी बाकी होत्या.
मी आत येऊन मोजली : पाच.
म्हटलं, जाऊ दे,
एका लिंबासाठी या गुडघ्यांना कोण विचारणार.

संध्याकाळी जिन्यात माणसं जमली.
दुसऱ्या मजल्यावर, अमृतकरांच्या उंबऱ्याशी,
रांगोळीच्या बरोब्बर मध्ये लिंबू,
आणि शेजारी (मलाही माहीत नव्हतं) एक हिरवी मिरची.
बागुल सर चाळीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले,
"निव्वळ अंधश्रद्धा," म्हणाले,
दोन पायऱ्या वर उभे राहून.
कुणी झाडू आणा म्हणालं, कुणी झाडूही लावू नका म्हणालं.
अमृतकर वहिनींनी नातवाला कडेवर घेतलं,
चांगला सातवीतला पोरगा, त्याचे पाय खाली लोंबत होते.

मग कुणीतरी हळूच :
"खाली ती नवी भाडेकरू आलीय ना, नर्स,
रात्री-अपरात्री येते-जाते..."
वाक्य कुणी पुरं केलं नाही.
सगळ्यांनी कठड्यावरून खाली पाहिलं,
तिच्या दाराकडे, बाहेर काढलेल्या पांढऱ्या चपलांकडे.

तेव्हा मी उतरले, कठडा धरून.
"ते लिंबू मनं शे."
तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत शुद्ध बोलले,
आणि ऐन वेळी तोंडात आईची बोली आली.
"मी पिशवी नको म्हटलं होतं, म्हणून..."
त्यांना काही संबंध लागेना.
मलाही, मोठ्याने म्हटल्यावर, तितकासा लागला नाही.

लिंबू उचललं. मिरची उचलली.
वाट आपोआप रुंद झाली.
रात्री डाळीवर पिळलं ते,
मिरची कळण्याच्या भाकरीशी खाल्ली.
लिंबू रसाळ निघालं. मिरची मात्र बंडल.

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं
तर दुसऱ्या मजल्यावरचं दार बोटभर किलकिलं.
"बऱ्या आहात ना?" अमृतकर वहिनी.
"बरी आहे."
चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारलं,
आणि विचारताना माझ्या डोळ्यांची बुबुळं तपासली.

गुरुवारी पुन्हा तोच चौकोन.
बोट जरा थबकलं, पण टेकवलंच.
परात आधीच दाराशी मांडून ठेवली.
भटू क्रेट घेऊन वर येत होता,
त्याच्या मागून नर्स, रात्रपाळी करून, लाल डोळ्यांनी,
आपला मजला सोडून थेट माझ्या दारापर्यंत.
परातीत वाकून बघत म्हणाली,
"मावशी, आज काय सोडता?"