लाल अंगठा

केमी गावात डिसेंबरात
दहा वाजता जेमतेम फटफटतं
आणि दोनच्या आत दिवस आवरतं घेतो.
त्या मूठभर उजेडात नऊ पोरांना अंगणात न्यायचं,
म्हणजे अठरा बूट, अठरा हातमोजे,
नऊ टोप्या,
आणि एइनो.

आमच्या भाषेत 'एइ' म्हणजे नाही.
सव्वादोन वर्षांचा हा,
नावातच नकार घेऊन आलेला.

उजवा मोजा घातला, तक्रार नाही.
डावा नुसता दाखवला
तर पाठीची कमान करून फरशीवर पडला,
टाचा आपटल्या, बूट भिरकावला,
आणि असं भोकाड पसरलं
की कपाटात वाळत घातलेल्या टोप्या दचकल्या असतील.
बाकीची आठ पोरं जाड कपड्यांत शिजत उभी.
पिर्क्को दारातून म्हणाली,
"इर्मेली, उजेड चाललाय."

काय काय करता येतं ते मला ठाऊक आहे.
मोजा दामटून घालता येतो, माझ्या हातांत जोर आहे.
"बघ, खिडकीत पक्षी!" म्हणून फसवता येतं.
"शहाणी मुलं रडत नाहीत" असंही म्हणता येतं.
माझी आई म्हणायची.
आणि मी इतकी शहाणी झाले
की तिला मूठमाती दिली त्या दिवशी
कोरड्या डोळ्यांनी
कॉफीचे कप मोजत होते.

गेल्या मंगळवारी मी ओरडले होते, लपवत नाही.
ह्याच्यावरच. "पुरे!"
तो गप्प झाला, लगेच.
पण ते गप्प होणं मी ओळखते.
आमचा समुद्र गोठतो तेव्हा
लाटा शहाण्या झाल्या असं कुणी म्हणत नाही.
नंतर त्याच्याजवळ उकिडवी बसून म्हटलं,
चुकलं माझं, आवाज फार मोठा होता.
त्यानं माझ्या नाकाला बोट लावलं.
ती माफी होती की नुसतंच नाक, कोण जाणे.

आज मी फरशीवरच बसकण मारली.
एकसष्ट वर्षांचे गुडघे कुरकुरले.
त्याला हात लावला नाही.
"खूप राग आलाय," एवढंच म्हटलं
आणि माझा श्वास लांबवत नेला,
झोपाळ्याला हळूहळू थांबवतात तसा.
किती मिनिटं गेली ते पिर्क्कोला विचारा.

मग दोन हुंदक्यांच्या फटीतून
एक शब्द घरंगळला: "अंगठा."

तेव्हा कुठे मी तो मोजा नीट पाहिला.
अंगठ्याला कित्येक दिवस भोक होतं.
त्यातून एइनोचा खरा अंगठा डोकवायचा
आणि घसरगुंडीच्या रांगेत
एइनो त्याच्याशी बोलायचा.
मी ऐकलं होतं, लक्षात ठेवलं नव्हतं.
रात्री कुणीतरी, आईच असेल, पाळीवरून येऊन,
निळ्या मोजाचं ते भोक लाल लोकरीनं रफू केलं होतं.
किती बारीक टाके, किती मायेचे.
आणि आतला तो सोबती
एका रात्रीत भिंतीआड गेला होता.

आईचे टाके मी उसवणार नाही.
दुसरा उपायही नव्हता माझ्याकडे.
म्हटलं, "काल तो दिसायचा. आज दिसत नाही."
"नाही," तो म्हणाला.
पुन्हा, जरा हळू, "नाही."
मग मोजा माझ्या हातातून ओढून
स्वतःच चढवला, उलटा,
अंगठा भलत्याच बाजूला.
लाल लोकरीला ओठ टेकवून आत काहीतरी सांगितलं.
मला ऐकू आलं नाही.
मला सांगितलंच नव्हतं.

बाहेर पोचलो तेव्हा
जेवणाच्या घंटेला आठ मिनिटं उरलेली.
पोरं बर्फात उधळली.
एइनो पायरीवर थांबून,
उलट्या मोजातला हात उंच धरून
आतल्या कुणाला तरी
आभाळ दाखवत होता.