कम्प्लेंट : रंग बरोबर नाही

फैजपूरच्या दुकानात सगळे टीव्ही ओरडत असतात.
ब्राइटनेस शंभर, कलर शंभर,
गिऱ्हाइकाला रस्त्यावरूनच कुंकू दिसावं म्हणून.
त्यातला एक बामणोदला गेला,
लीलाधर भंगाळेंच्या बैठकीत,
आणि तिथंही चार दिवस ओरडतच राहिला.
पाचव्या दिवशी फोन :
"पोऱ्हा, रंग बरोबर नाही."

गेलो. 'व्हिव्हिड'चा 'स्टँडर्ड' केला,
शार्पनेस उतरवला,
बातम्यावालीच्या गालावरची पावडर जरा बसली.
काका म्हणाले, "अन् काया?"
काळा म्हणजे किती काळा?
त्यांनी दाराबाहेरच्या म्हशीकडे बोट केलं.
बॅकलाइट उतरवत उतरवत
मी म्हशीपर्यंत आलो.

मग लागला स्वयंपाकाचा कार्यक्रम.
बाईच्या हातात वांगं. जांभळं.
"हे वांगं हाये?"
म्हटलं, काका, तिकडची अशीच असतात.
"तिकडची तिकडं. भरताचं वांगं हिरवं राह्यते."
गिऱ्हाइकाशी कोण वाद घालणार.
टिंट हिरव्याकडे सरकवत नेला.
वांगं जमत आलं तेवढ्यात
आतून इंदूकाकू खदखदल्या,
"बाई तं कच्च्या केयासारखी झाली वं!"

टिंट शून्यावर.
पुन्हा पहिल्यापासून.
काका आता एक डोळा झाकत होते, मग दुसरा.
"यानं निळं दिसते. यानं पिवयं."
डावा गेल्या महिन्यात जळगावला करून आणलेला,
उजव्याची तारीख संक्रांतीनंतरची.
म्हणजे वॉर्म आणि कूल
दोन्ही त्यांच्या कपाळाखालीच होते,
आणि माझ्या हातात रिमोट एक.
विचारलं, कोणत्या डोळ्याचं लावू?

बराच वेळ बोलले नाहीत.
खाली पट्टीवर केळीचे भाव येऊन गेले,
ते वाचायचेही राहिले.
"उजव्याचं लाव," म्हणाले.
"संक्रांतीलोक. डाव्याले पाह्याले लय दिवस हायेत."

पिवळ्या डोळ्याला पांढरं दिसायचं
तर निळा वाढवावा लागतो.
कूल केला, वर आणखी दोन घरं.
मला दिसत होती आजारी माणसं, निळसर ओठांची,
काकू म्हणाल्या, "सारे थंडीनं काकडले कारे?"
काकांनी डावा डोळा तळव्यानं झाकला होता.
"आता बरोबर," म्हणाले,
आणि म्हशीकडे एकदा बघून घेतलं.
कार्डावर सही केली तीही तशीच, एका डोळ्यानं,
रेघ सोडून बरीच खाली.

काकूंनी कळण्याची भाकरी आणि भरत बांधून दिलं.
दिवे लागायच्या आधी परत निघालो.
डावीउजवीकडे केळी, पलीकडे सातपुडा,
रंग कोणी न लावलेला.
पुलाच्या अलीकडे गाडी हळू केली,
एक डोळा मिटला. मग दुसरा.
दोन्हीकडून सारखाच.
अजून तरी.