मेंढ्या बाजूला घे

सरकारी पत्र आलं तेव्हा बाबा कुंपणाची तार ताणत होते.
वाचलं, घडी केली, टोपीत खोचलं,
उरलेली तार ताणूनच घरी आले.
नदीकडचं दीडशे एकर कुरण, स्ट्रोनीतलं सगळ्यात सपाट,
युद्ध संपेपर्यंत हवंय, असं लिहिलं होतं,
शेजारी शिडी मागतो तसं, संध्याकाळपर्यंत.

डांबर नाही, काँक्रीट नाही. गवतच.
वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरायचं,
म्हणजे सगळ्याच दिशा धावपट्टी.
मधोमध चुनखडीचं पांढरं वर्तुळ,
खांबावर वाऱ्याचा लाल पायमोजा, राक्षसाच्या मापाचा.
गवत कापायचं यंत्र येणार होतं.
आलं नाही.
मग बाबांनाच ठेवून घेतलं, त्यांच्याच कुरणावर, पगारी,
तीनशे मेंढ्यांसकट.

मी अकरा वर्षांची. माझ्याकडे शिट्टी आणि फ्लॉस कुत्री.
वर इंजिनाची घरघर मंदावली की बाबा ओरडत,
"एफी, मेंढ्या बाजूला घे!"
लोकरीचा अख्खा ढग कुंपणाला जाऊन टेके
आणि खरे ढग सोडून एक पिवळं विमान,
कापडाचं, दुमजली पंखांचं, डगमगत खाली येई.

ईस्ट कोस्टचा रावीरी तेपुनी
घोड्याखेरीज कशावर बसलेला नव्हता.
म्हणायचा, लगाम सैल ठेवला की हेही ऐकतं.
आठव्या तासाला हॅल्टन साहेब पुढच्या जागेवरून उतरले,
रिकाम्या खुर्चीचा पट्टा नीट आवळला,
"जा" म्हणाले,
आणि आभाळाकडे पाठ करून पाइप पेटवत राहिले.
एक काडी. दुसरी. सहावी.
पाइपमध्ये तंबाखू नव्हती, मला दिसत होतं.
रावीरी दोनदा उसळून तिसऱ्यांदा टेकला,
आणि खिशातली चिकट झालेली गोळी
अर्धी मला, अर्धी फ्लॉसला.

क्लाइव्ह ट्रेगर्था आला तो दिवस वाईट.
पश्चिमेच्या डोंगरांवर ढगाची कमान धरली होती,
गरम वारा सुटला, माझी शिट्टी मलाच ऐकू येईना.
तो उतरला तो थेट कळपात.
त्याला खरचटलंसुद्धा नाही. दोन मेंढ्या गेल्या, गाभण.
एकोणीस वर्षांचा मुलगा, गवतात गुडघे टेकून
एकीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.
संध्याकाळी बाबांनी वहीत लिहिलं,
"दोन मेंढ्या. ट्रेगर्था. येणे."
हवाई दलाकडून भरपाई यायची होती.
पुढच्या वर्षी कळलं, तो समुद्रात गेला, कुठल्याशा उत्तरेच्या.
बाबांनी वही उघडली, टाक उचलला,
तसाच खाली ठेवला.

मग लिलाव झाला. एक खोली आम्ही घेतली, कोंबड्यांसाठी.
आतल्या फळ्यावर खडूचं गणित तसंच होतं:
वारा दोनशे सत्तर, वेग पंधरा.
त्याखाली कोंबड्या निवांत अंडी घालत.
हँगरमध्ये लोकर भरली. पायमोज्याचे
आईनं दोन एप्रन शिवले,
वारा सुटला की तिच्या अंगावर तेच आधी फुगत.

आता तिथे गाई आहेत. पाण्याचा लांब लोखंडी हात
चाकांवर गोल फिरतो, दिवसभर,
डावीकडे वळत, डावीकडे वळत,
नव्या मुलांना शिकवायचे तसाच फेरा.
उन्हाळा कडक असला तर चुनखडीचं वर्तुळ
अजून वर येतं, फिकट, गवताच्या आतून.
नवा मालक विचारतो, इथे काय गाडलंय?

परवा भाचा माळ्यावरून वही घेऊन उतरला.
"मावशी, हा ट्रेगर्था कोण?
याचा हिशेब मिटलेला नाही. अजून देणं आहे का?"

आहे, म्हटलं.
पण ते आपल्याकडून आहे.