उघडून बघायचं नाही

सातवीच्या वर्गात आज प्रात्यक्षिक.
लाल शाईची बाटली, जुन्या धोतराच्या पट्ट्या,
आणि जखमी म्हणून मीच.

"भाजलं तर काय लावाल?"
हळद. टूथपेस्ट. बटाट्याचा कीस.
गुऱ्हाळावरचा एकजण म्हणतो, काकवी.
पाणी, मी म्हणते. नळाखाली, वीस मिनिटं.
"बाई, आमचा नळ पंधरा मिनिटांत जातोय."
वर्ग हसतो. मी फळ्यावर लिहिते:
कळशी भरून ठेवा.

मग रक्ताची पाळी.
फडकं घट्ट दाबायचं, दहा मिनिटं, सोडायचं नाही.
पोरं दाबतात आणि लगेच उचलून बघतात,
थांबलं का, थांबलं का,
पेरलेलं बी उकरून बघावं तसं.

एकटी रेणू सातपुते उचलत नाही.
तिचा अंगठा माझ्या मनगटावर
ठोकल्यासारखा.

"कुठं शिकलीस गं?"
"घरी. सुभाषनगरात.
पप्पांची रापी सटकली, चामडं सोडून मांडीत.
आई रिक्षा बघायला पळाली.
मी दाबून बसले.
लई वाटत होतं उघडून बघावं.
बघितलं असतं तर मीच पडले असते."

मागचा बाकसुद्धा गप्प.
"मग?"
"मग काय. लंगडत्यात जरा.
पण कापशीचा जोड अजून त्यांच्यासारखा
कुणाला जमत नाही."

मधल्या सुट्टीची घंटा होते.
डबे वाजतात, व्हरांड्यात पळापळ.
जा बाळ, मी म्हणते, सोड आता, शाईच आहे.

ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघते.
"अजून तीन मिनिटं हाईत, बाई."